कुटुंब शोधायचं कुठे: चुलीपाशी, सातबाऱ्यावर की सुतकात?

प्रश्न विचारणारी व्यक्ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्र शिकते आहे. पुस्तकात कुटुंबाची कार्ये आहेत, कुटुंबाचे प्रकार आहेत आणि प्रकार्यवादी, संघर्षवादी, स्त्रीवादी असे तीन दृष्टिकोन आहेत. घरची परिस्थिती मात्र अशी की वडील आणि काका बांधावरून तीन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. आजी सहा महिने या घरी, सहा महिने त्या घरी असते. आजोबा गेल्यावर हक्कसोड पत्रावर सही करायला आत्याने नकार दिला, तेव्हापासून तिचं येणं-जाणं बंद आहे. शेवटी विचारलंय, ‘कुटुंब हा समाजाचा पाया आहे, हे मी परीक्षेत कोणत्या तोंडाने लिहू? आणि या तीन दृष्टिकोनांपैकी खरा कोणता?’

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. त्यातली शेवटची बारा वर्षं दर शनिवारी एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रातही बसत होते. हाच प्रश्न मला वर्गात मुलांनी विचारला आणि केंद्रात बायकांनी विचारला. शब्द तेवढे वेगळे होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरा दृष्टिकोन कोणता, हे ठरवण्याआधी एक गाठ सोडवावी लागेल. कुटुंब म्हणताना आपण नेमकं कोणाकोणाला मोजतो? तुम्ही घरचं जे लिहिलंय त्यात मला तीन कुटुंबं दिसतात. वडील आणि काका हे जमिनीने बांधलेलं कुटुंब आहे. आजी ज्या दोन घरांत फिरते ते सांभाळाचं कुटुंब आहे. आणि आत्या ज्या कुटुंबात आहे त्यात कायदा तिला धरतो, रीत धरत नाही. तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो आणि मग एका कुटुंबाबद्दल खरी असलेली गोष्ट दुसऱ्याला लावून बघतो. ती बसत नाही, आणि पुस्तक खोटं वाटायला लागतं.

एक मान्य करते. माझं बहुतेक पाहणं कोरडवाहू शेती असलेल्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतलं आहे. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कोकणातल्या कुळाच्या घरात किंवा जमीनच नसलेल्या वस्तीत हीच उत्तरं थोडी बदलतील. जमीन किती, जात कोणती, मुलगी किती शिकली, दवाखाना किती लांब, यावर बरंच काही ठरतं.

वर्गात मी पहिल्या आठवड्यात व्याख्या देत नसे. प्रत्येकाला कागदावर पाच रकाने आखायला सांगत असे. पहिल्यात, तुमच्या चुलीवर रोज कोण जेवतं. दुसऱ्यात, शिधापत्रिकेवर कोणाची नावं आहेत. तिसऱ्यात, सातबाऱ्यावर कोणाची. चौथ्यात, कोण गेलं तर तुम्हाला सुतक लागतं. पाचव्यात, घरात कोणी आजारी पडलं तर दवाखान्यात रात्री कोण थांबतं. इतक्या वर्षांत पाचही रकान्यांत तीच नावं आली, असा एकही कागद माझ्या हातात आला नाही.

शिधापत्रिकेवर बहुधा चार-पाच नावं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातली सगळ्यात मोठी, अठरा वर्षांवरची बाई कुटुंबप्रमुख धरली जाते. त्याच घराच्या सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचितच. म्हणजे सरकार धान्यासाठी एकीला प्रमुख म्हणतं आणि जमिनीसाठी दुसऱ्यालाच विचारतं. सुतकाचा रकाना सगळ्यात लांब असतो, त्यात अख्खी भावकी येते. चाळीस वर्षांपूर्वी चूल वेगळी झालेला, बोलणं बंद असलेला चुलत चुलताही सुतकात सापडतो. लग्न झालेली मुलगी मात्र सासरच्या सुतकात जाते आणि आई-बाप गेले तर बहुतेक घरांत तिला तीन दिवसांचंच धरतात. आणि पाचव्या रकान्यात? तिथे पुन्हा पुन्हा तीच लेक येते. शिधापत्रिकेवरून जिचं नाव कमी झालं, सातबाऱ्यावर जे कधी चढलंच नाही, तीच बाळंतपणाला आलेल्या भावजयीपाशी आणि अर्धांग झालेल्या बापापाशी रात्रीची बसलेली असते.

हा कागद हातात असला की मग पुस्तकाकडे वळायला हरकत नाही. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात संयुक्त कुटुंबाची जी व्याख्या दिली, ती आजही सगळीकडे शिकवतात: साधारणपणे एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, मालमत्ता सामाईक असलेली, एकत्र कुळाचार करणारी आणि नात्याने बांधलेली माणसं. बारकाईने बघा, माझे पहिले चार रकाने यात कुठे ना कुठे आहेत. बाईंनी ते एकत्र आलेले असताना कसे दिसतात ते सांगितलं. पुढे आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावाचा अभ्यास करून दाखवलं की छप्पर आणि चूल वेगळी झाली तरी मालमत्ता, देणं-घेणं आणि जबाबदाऱ्या एकत्र राहू शकतात. म्हणून वेगळं राहणारं प्रत्येक घर विभक्त कुटुंब म्हणून मोजणं चूक आहे. ए. एम. शाह यांनी तर घर आणि कुटुंब हे शब्दच वेगळे ठेवायचा आग्रह धरला. पूर्वी सगळे एकत्र राहत होते आणि आता शहरांमुळे सगळं तुटलं, ही सरळ रेषा त्यांनी गुजरातेतल्या गावांच्या नोंदी तपासून खोडून काढली. तुमच्या आजोबांच्या पिढीतही वाटण्या होत होत्या. आपण त्या विसरलो आहोत, एवढंच.

आता दृष्टिकोनांकडे. कुटुंब समाजासाठी कोणती कामं करतं ते बघणारे ते प्रकार्यवादी; त्यांच्यावर आजकाल मुलं फार लवकर चिडतात. मला ते पटत नाही. जॉर्ज मरडॉक यांनी 1949 मध्ये 250 समाजांची माहिती पडताळून सांगितलं की लैंगिक संबंधांचं नियमन, संततीचा जन्म, आर्थिक सहकार्य आणि मुलांचं शिक्षण ही चार कामं कुटुंब सगळीकडे करतं. टालकॉट पार्सन्स यांनी 1955 मध्ये आधुनिक शहरी समाजासाठी त्यातली दोन मुख्य मानली. एक, लहान मुलाला समाजाचं माणूस बनवणं. दुसरं, मोठ्या माणसाचा तोल सांभाळणं. ही कामं कोणीतरी केलीच पाहिजेत, हे तर खरं आहे. केंद्रात माझ्यासमोर बसलेला, दारू सोडलेला माणूस रात्री कोणाच्या धाकाने आणि कोणाच्या मायेने घरी थांबतो, हे विचारलं की पार्सन्स लगेच कळतो. अडचण पुढच्या पायरीवर आहे. एखादं काम होतंय, यावरून ते ज्या पद्धतीने होतंय तीच पद्धत गरजेची आहे, असा निष्कर्ष ते काढतात. पार्सन्स यांच्यासमोर युद्धानंतरच्या अमेरिकेतलं मध्यमवर्गीय घर होतं: नवरा कमावतो, बायको सांभाळते. केरळात पूर्वी नायर समाजात मुलं आईच्या तरवाडात, म्हणजे आईकडच्या एकत्र घरात, मामाच्या देखरेखीखाली वाढत आणि नवरा तिथे राहायलाही नसे. कामं होत होती, घराचा आकार मात्र वेगळा होता.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मुंबईतला कापड गिरण्यांचा भाग, गिरणगाव घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा भागातून पुरुष मुंबईला गिरणीत आले. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. बायको, मुलं, म्हातारी गावी. मनिऑर्डर गावी जायची आणि गावाहून तांदळाची पिशवी यायची. हे कुटुंब एकत्र म्हणायचं की विभक्त? मरडॉकची चारही कामं होत होती, फक्त शेकडो किलोमीटरवर पसरून. प्रकार्यवादी यात कुटुंबाची लवचीकता बघेल, आणि ती होतीच. पण त्याच कुटुंबाला दुसरा प्रश्न विचारा: यात फायदा कोणाचा होत होता? गिरणीमालकाला एका माणसापुरता पगार देऊन भागत होतं, कारण त्याची मुलं वाढवण्याचा, त्याच्या आजारपणाचा आणि म्हातारपणाचा खर्च कोकणातली लाल माती आणि तिथे राबणारी बाई उचलत होती. 1982 च्या संपात कित्येक कामगार गावी परतले, ते याच भरवशावर. संघर्षवादी दृष्टिकोन इथे सुरू होतो. मार्क्स यांचे सहकारी एंगल्स यांनी 1884 मध्ये कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांची सांगड घातली. मानवाच्या प्राचीन इतिहासाबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंचसं आज टिकत नाही. पण वारसा कोणाला जातो ते बघा म्हणजे घराची रचना कळेल, ही त्यांची सूचना सातबारा समोर ठेवून वाचली की अजून उपयोगी पडते.

गिरणगावातलीच आणखी एक गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगत असे. त्या एकट्या पुरुषांना जेवण कोण देत होतं? खानावळवाल्या बायका. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. भाकरी तीच, हात तेच. नवऱ्यासाठी थापली की ते कर्तव्य, खानावळीत थापली की तो व्यवसाय. घरकाम हे काम आहे का, यावर वर्गात वाद झाला की मी खानावळीचा विषय काढत असे आणि वाद तिथेच संपत असे.

आमच्या भागातलं उदाहरण याहून कठीण आहे. ऊसतोडीत मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्याने मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीमागे, हिशेब टनावर, आणि पैसे मोजून घेतो तो नवरा. बाई ऊस सवळते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, आणि कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परत येऊन चूल पेटवते. इथे लग्न हीच मजुरीची अट झाली आहे. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की घरात विचार सुरू होतो, लग्न केलं तर पूर्ण कोयता होईल. आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सहा महिने गावी एकटी कशी ठेवायची, म्हणून तिचंही उरकून टाकतात. बालविवाह हा केवळ जुन्या विचारांचा दोष आहे, असं म्हणणाऱ्यांना मी एकदा दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यात येऊन ट्रॅक्टर निघताना बघायला सांगते. बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्यामागेही हाच हिशेब होता: पाळीमुळे खाडा झाला तर दंड, आणि दंड पडतो तो जोडीच्या कोयत्यावर.

या कोयत्याला तिन्ही दृष्टिकोन लावून बघा. कुटुंबाशिवाय ते जगू शकत नाहीत. मागे आजी-आजोबा नातवंडं सांभाळतात म्हणून मुलांची शाळा सुरू राहते. प्रकार्यवादी बरोबर आहे. कारखानदारी या कुटुंबाच्या आतल्या विनामोबदला श्रमावर स्वस्तात चालते. संघर्षवादीही बरोबर आहे. आणि एका कोयत्याच्या आत दोन माणसं आहेत, त्यांचं काम, आराम आणि पैसा सारखा वाटलेला नाही. हे फक्त स्त्रीवादी अभ्यासक विचारतात. जेसी बर्नार्ड यांनी 1972 मध्ये म्हटलं होतं की प्रत्येक लग्नात दोन लग्नं असतात, एक त्याचं आणि एक तिचं. समुपदेशन केंद्रात मी नवरा-बायकोला आधी वेगवेगळं ऐकत असे, ते याचसाठी. एकाच घराच्या दोन हकिकती ऐकताना कित्येकदा मला वाटायचं, दोघं वेगवेगळ्या गावांत राहत असावेत.

आकडा हवा असेल तर देशाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणातला घ्या. रोजच्या घरकामात हात घालणाऱ्या बायका 81.2 टक्के होत्या, पुरुष 26.1 टक्के. त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांची सरासरी काढली तर बायकांची 299 मिनिटं, पुरुषांची 97. उत्तरात हा आकडा लिहाल तेव्हा एक काळजी घ्या. 97 मिनिटं ही सगळ्या पुरुषांची सरासरी नाही, जे थोडेफार करतात त्यांचीच आहे.

आता तुमच्या आत्याकडे येते, कारण मला वाटतं तुमचा प्रश्न खरा तिथे दुखतो आहे. लीला दुबे यांनी बीज आणि क्षेत्र या जुन्या रूपकावर लिहिलं आहे. बीज पुरुषाचं, बाई म्हणजे जमीन, आणि पीक ज्याचं बीज त्याचं. या कल्पनेतून मूल बापाच्या कुळाचं ठरतं आणि मुलगी ‘परक्याचं धन’. जिला जमिनीची उपमा दिली तिच्या नावावर जमीन नसते. महाराष्ट्राने 1994 मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट काढली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. त्याआधी, 1990 च्या आसपास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायला लावलं होतं. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी होते आणि घर विकायला दोघांच्या सह्या लागतात. कुटुंब ही निसर्गाने दिलेली वस्तू आहे असं कोणी म्हटलं तर हे सगळं आठवावं. कायद्याची एक ओळ बदलली की त्याच घरातल्या माणसांचं बळ बदलतं.

पण कायदा असूनही बायका हक्कसोड लिहून देतात. का? केंद्रात विचारलं की उत्तर जवळपास एकाच शब्दांत येई: ‘माहेर तुटायला नको.’ साडीचोळी, पंचमीला न्यायला येणारा भाऊ, नवऱ्याने टाकलं तर परतायला एक दार. बहीण जमिनीच्या बदल्यात हे दार उघडं ठेवते. यात भाबडेपणा नाही, नीट विचार करून केलेला हिशेब आहे, कारण तिच्यापाशी दुसरा विमा नाही. अमर्त्य सेन कुटुंबाला सहकार आणि संघर्ष एकाच वेळी चालणारी जागा म्हणतात. सगळ्यांना एकत्र राहण्यात काही ना काही मिळतं, म्हणून सहकार. आणि जे मिळतं त्याची वाटणी कशी करायची, यावरून संघर्ष. बाहेर पडलं तर ज्याचं जास्त नुकसान होणार, त्याला आत कमी बोलता येतं. तुमच्या आत्याने सही नाकारली याचा अर्थ मला असा लागतो की तिच्यापाशी निदान थोडं तरी दुसरं बळ आलं आहे: नोकरी असेल, शिकलेली मुलगी असेल, समजूतदार नवरा असेल. तुम्हाला ते माहीत असेल, मला नाही. तिच्या हिश्श्याचं पुढे काय होईल हे मात्र कागदपत्रं बघून वकीलच सांगेल, त्यावर मी बोलत नाही.

आणि वडील-काकांचं भांडण? त्याने कुटुंबाचं महत्त्व कमी झाल्याचं सिद्ध होत नाही. ज्याच्याशी काहीच देणं-घेणं नाही त्याच्याशी माणूस तीन वर्षं अबोला धरत नाही. बांध सामाईक आहे, विहिरीची पाळी सामाईक असेल, आई तर सामाईक आहेच. घरात कोणी गेलं तर दोघांच्याही घरी सुतक पाळलं जाईल. जमीन पिढीगणिक तुकड्यांत वाटली गेली आणि शेतीबाहेर मिळकत नाही, अशा घरांत हा वाद जवळपास ठरलेला असतो. त्यात दोन भावांच्या स्वभावाचा भाग आहे, पण मला तो लहान वाटतो.

परीक्षेत काय लिहायचं ते थोडक्यात. ‘कुटुंब हा समाजाचा पाया’ हे वाक्य लिहा, पण ते प्रकार्यवादी विधान आहे हे सांगून लिहा. मग विचारा, पायाचे दगड कोण झालं. तिन्ही दृष्टिकोनांना एकच घर द्या आणि कोणाला काय दिसलं, काय दिसलं नाही ते मांडा. तीन व्याख्या एकाखाली एक लिहिण्यापेक्षा परीक्षकाला हे जास्त समजतं. मी स्वतः हजारो पेपर तपासले आहेत. दहा गुणांचा प्रश्न असेल तर कोयत्याचं एकच उदाहरण पुरेल. प्रकल्प करायचा असेल तर पाच रकान्यांचा कागद गल्लीतल्या वीस घरांत भरून आणा, आणि घरटी एका पुरुषाला आणि एका बाईला वेगवेगळं विचारा.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. आजी आता ज्या घरी असेल तिथे जाऊन तिच्यापाशी बसा आणि पाचवा रकाना तिच्याकडून भरून घ्या. आजोबा शेवटचे आजारी होते, तेव्हा दवाखान्यात रात्री कोण कोण थांबलं होतं?